गाडी सुरू होत नाही? बॅटरी बदलण्याआधी दुखणे ओळखा



सोलापूर-धुळे महामार्गावरच्या आपल्या तेरखेड्यात उभे राहिले की दिवसभर गाड्यांची रीघ दिसते. त्यातल्या बऱ्याच गाड्या आता आपल्याच माणसांच्या आहेत. कुणाच्या दारात ट्रॅक्टर आहे, कुणाकडे जीप, तर कुणाच्या मुलाने जुनी मोटार घेतली आहे. सोयाबीन घेऊन बार्शीच्या किंवा कळंबच्या बाजारात जायचे असते, रात्री-अपरात्री कळा सुरू झालेल्या सुनेला दवाखान्यात न्यायचे असते. नेमक्या अशा वेळी चावी फिरवावी आणि गाडीने नुसते 'खट्' करून गप्प बसावे, हा अनुभव पुष्कळांना आला असेल.

मग काय होते? चार माणसे जमतात. पाचवा येऊन सांगतो, "बॅटरी गेली." दुसऱ्या दिवशी काही हजार रुपये मोजून नवी बॅटरी येते. गाडी सुरू होते, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच रडगाणे. कारण दुखणे बॅटरीत नव्हतेच. ते एका ढिल्या तारेत होते, नाहीतर डायनामोच्या सैल पट्ट्यात. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशातला हा प्रकार.

शेतीत आपण ही चूक ओळखतो. चुनखडीच्या काळ्या रानात सोयाबीन पिवळे पडले, पानाच्या शिरा मात्र हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची कमतरता असते. तिथे युरियाची पोती ओतून उपयोग होत नाही. आधी पान पाहावे, मग जमीन पाहावी आणि मगच खत द्यावे. गाडीचेही तसेच आहे. ती का सुरू होत नाही हे क्रमाने पाहिले, तर बऱ्याचदा घरच्या घरी दहा-पंधरा मिनिटांत कळते. सगळेच दुरुस्त करता येईल असे नाही. पण दुखणे कुठे आहे हे कळले, तरी पैसा आणि हेलपाटा दोन्ही वाचतात.

हौद, पंप आणि पाट

गाडीतली वीज समजायला सोपी आहे. बॅटरी म्हणजे पाण्याचा हौद. डायनामो, ज्याला नव्या गाड्यांत अल्टरनेटर म्हणतात, तो हौद भरणारा पंप. इंजिन फिरते तेव्हाच हा पंप चालतो. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटर. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब आणि अँपिअर म्हणजे पाण्याची धार.

पूर्वी सेल्फ नव्हता. समोरून हँडल मारावे लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत प्रथम बसवला गेला आणि हळूहळू हँडल मागे पडले. पण जे काम माणसाचा दंड करीत होता, ते आता बॅटरीला करावे लागते. म्हणून सेल्फला वीज फार लागते. लहान मोटारीचा सेल्फ शंभर अँपिअरच्या वर ओढतो आणि डिझेल ट्रॅक्टरचा त्याहून कितीतरी जास्त. हॉर्नला किंवा आतल्या दिव्याला मात्र थोडीशी धार पुरते.

यातूनच एक मोठा गैरसमज होतो. "हॉर्न वाजतो, दिवा लागतो, म्हणजे बॅटरी चांगली आहे," असे आपण म्हणतो. ठिबकच्या नळीत कचरा अडकला तरी थेंब पडत राहतात, पण त्याच नळीतून हौद भरायला गेलात तर भरत नाही. तसेच टर्मिनलवर क्षार चढला की दिव्यापुरती वीज जाते, सेल्फपुरती जात नाही. म्हणून हॉर्न वाजला एवढ्यावर कोणताही निर्णय घेऊ नये.

हात लावण्याआधी

बॅटरीत गंधकाचे आम्ल असते. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने पेटतो. बॅटरी फुटली तर आम्ल थेट तोंडावर उडते. म्हणून जवळ बिडी, काडी, चिमणी नको. हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवावे. पाना एकाच वेळी दोन्ही टर्मिनलना लागला तर क्षणात लाल होतो. डोळ्यांवर चष्मा असावा. आम्ल डोळ्यांत गेले तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत आणि लगेच डॉक्टरकडे जावे.

आपल्या गावाला एक जादा काळजी घ्यावी लागते. तेरखेड्याचे नाव फटाक्यांमुळे सर्वदूर झाले आहे. फटाक्यांच्या शेडजवळ, दारूच्या मालाने भरलेल्या गाडीत किंवा कडब्याच्या गंजीशेजारी बॅटरीचे कोणतेही काम करू नये. गाडी ढकलत उघड्यावर आणावी आणि मगच बोनेट उघडावे.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हातब्रेक ओढावा. एकाने चावीवर बसावे आणि दुसऱ्याने बोनेटपाशी उभे राहून ऐकावे. हे घरातल्या दोघांचे काम आहे. नवरा-बायको, बाप-लेक कुणीही करू शकते. बोनेटपाशी उभे राहणाऱ्याने पदर, ओढणी, वेणी, उपरणे आवरून घ्यावे. पंखा आणि पट्टा कपडा ओढून घेतात. हायब्रीड किंवा विजेवर चालणाऱ्या गाडीतल्या केशरी रंगाच्या जाड तारांना कधीही हात लावू नये.

गाडी काय आवाज करते?

आता चावी फिरवा आणि कान द्या. हेडलाइट लावून ठेवा, म्हणजे डोळ्यांनाही काम मिळेल.

पहिला प्रकार: चावी फिरवली तरी काहीच आवाज नाही, आणि दिवेही नाहीत. बॅटरी पूर्ण उतरली असेल, टर्मिनल निघाले असेल किंवा मुख्य फ्यूज गेला असेल. दिवे आधी लागलेले होते आणि चावी फिरवताच एकदम विझले, तर टर्मिनल ढिले आहे असे समजावे.

दुसरा प्रकार: 'टक्-टक्-टक्-टक्' असा भराभर आवाज येतो आणि दिवे मंद होतात. बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलमध्ये वीज अडते आहे. बॅटरीवर संशय घ्यावा, पण खरेदीला जाऊ नये. आधी टर्मिनल साफ करून पाहावे.

तिसरा प्रकार: एकच मोठा 'खट्' आणि पुढे शांतता. दिवे फारसे मंद झाले नाहीत, तर सेल्फच्या सोलेनॉइडचे संपर्क जळाले असतील किंवा सेल्फचे कार्बन झिजले असतील. दिवे अगदीच बसले, तर बॅटरी कमजोर आहे, किंवा सेल्फ वा इंजिन जाम आहे.

चौथा प्रकार: दिवे लख्ख, पण सेल्फचा आवाजच नाही. वीज आहे, पण सेल्फला हुकूम पोहोचत नाही. क्लच पूर्ण दाबला आहे का, गिअर न्यूट्रलला आहे का ते पाहावे, कारण बऱ्याच नव्या गाड्या आणि ट्रॅक्टर त्याशिवाय सेल्फ घेत नाहीत. नंतर सेल्फचा फ्यूज, रिले, चावीचा स्विच आणि सोलेनॉइडची बारीक तार पाहावी.

पाचवा प्रकार: सेल्फ 'भिर्रर्र' फिरतो, पण इंजिन फिरत नाही. सेल्फचा दाता इंजिनाच्या चक्राला धरत नाही. हे गॅरेजचे काम आहे. बॅटरीचा यात काहीही दोष नाही.

सहावा प्रकार: इंजिन जोरात फिरते, पण पेट घेत नाही. इथे बॅटरी आणि सेल्फ दोघेही निर्दोष आहेत. डिझेल, पेट्रोल, हवा किंवा ठिणगी यांत गडबड आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

एक पथ्य पाळावे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये निदान अर्धा मिनिट विश्रांती द्यावी. सतत मारल्याने सेल्फ जळतो आणि उरलीसुरली बॅटरीही उतरते.

टर्मिनल आणि अर्थिंग

दुखण्याचे सर्वांत नेहमीचे ठिकाण हेच. टर्मिनल हाताने फिरवून पाहावे. ते तसूभरही हलता कामा नये. त्यावर पांढरट-हिरवट क्षाराचा थर दिसला तर तो काढायचा. आधी काळी म्हणजे ऋण तार सोडावी, मग लाल. बसवताना उलट, आधी लाल आणि शेवटी काळी. हा क्रम पाळला म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी भडका उडत नाही. नव्या मोटारीत बॅटरी सोडल्यावर घड्याळ आणि रेडिओची जुळणी जाऊ शकते, म्हणून आधी गाडीचे पुस्तक वाचावे.

तांब्याभर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा विरघळवून टर्मिनलवर टाकावा. फेस येतो आणि क्षार सुटतो. हे पाणी बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नये. साध्या पाण्याने धुऊन कोरडे पुसावे, पॉलिश पेपरने शिसे चमकेपर्यंत घासावे, टर्मिनल घट्ट आवळावे आणि वरून व्हॅसलीन लावावे. पुष्कळ गाड्यांचे दुखणे एवढ्यावरच संपते.

दुसरी जागा नजरेआड राहते, ती म्हणजे अर्थिंगची तार. बॅटरीची ऋण तार चेसीला जाते आणि चेसीवरून इंजिनाला. आपल्या काळ्या मातीचा चिखल, गंज आणि ऑइल यांच्या थराखाली तिचा बोल्ट झाकला जातो. तो ढिला झाला की सेल्फ मंद फिरतो, एक दिवा लावला की दुसराच मिणमिणतो, इंडिकेटर वेडेवाकडे चालतात. असे चमत्कारिक प्रकार दिसले तर आधी अर्थिंग तपासावे.

मीटर नसतानाही ते तपासता येते. जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावावे आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. आता सेल्फ मारावा. आधी मंद फिरणारा सेल्फ जोरात फिरला, तर अर्थिंगची तार खराब आहे हे सिद्ध झाले. आणखी एक खूण आहे. काही सेकंद सेल्फ मारून चावी बंद करावी आणि टर्मिनलवर हात टेकवावा. एखादा सांधा गरम लागला, तर वीज तिथेच अडते आहे.

मीटर काय सांगतो?

साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो डी. सी. २० व्होल्टवर ठेवावा. लाल तार धन टर्मिनलला, काळी ऋणला.

गाडी रात्रभर उभी असताना सकाळी, चावी न लावता, पहिले माप घ्यावे. १२.६ किंवा थोडे जास्त दिसले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी आहे. तशीच ठेवली तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसते आणि बॅटरी कायमची निकामी होते.

दुसरे माप सेल्फ मारताना घ्यावे. आकडा ९.६ च्या वर टिकला पाहिजे. भरलेली बॅटरी असूनही तो सात-आठवर कोसळला, तर बॅटरी आतून संपली आहे किंवा सेल्फ जाम होऊन जास्त वीज ओढतो आहे. हा निवाडा बॅटरीच्या दुकानात लोड टेस्टर लावून होतो. टेस्ट केल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नये.

तिसरे माप थोडे वेगळे आहे. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण खुंटाला आणि दुसरी इंजिनाच्या लोखंडाला लावावी आणि सेल्फ मारावा. पाव व्होल्टपर्यंत चालते. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर तेवढा दाब अर्थिंगच्या तारेतच वाया जातो आहे.

झाकणे असलेली बॅटरी असेल तर हायड्रोमीटरही उपयोगी पडतो. भरलेल्या बॅटरीत घनता साधारण १.२५ ते १.२८ दिसते. सहा घरांपैकी पाचांत १.२५ आणि एकात १.१२ आली, तर ते घर मेले आहे. अशा बॅटरीला कितीही चार्ज केले तरी उपयोग नाही. इथे मात्र बॅटरी बदलणे हाच उपाय.

पाणी पट्ट्यांच्या वर सुमारे एक सेंटिमीटर असावे. कमी झाले तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे, बोअरचे किंवा घरच्या फिल्टरचे पाणी घालू नये. त्यातले क्षार आत साचतात. घरी आम्ल तर कधीच घालू नये. उन्हाळ्यात बॅटरीचे पाणी लवकर आटते आणि उष्णतेने तिचे आयुष्यही घटते, म्हणून फाल्गुनापासून मृगापर्यंत दर पंधरा दिवसांनी पाणी पाहावे आणि गाडी शक्यतो सावलीत लावावी.

डायनामो बॅटरी भरतो का?

हौद गळका नाही, पण पंपच बंद आहे, असेही होते. इंजिन सुरू करून थोडा वेग वाढवावा आणि बॅटरीवर मीटर लावावा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग ठीक आहे. १३ च्या खालीच राहिला तर पट्टा, तारा आणि डायनामोचे कार्बन तपासावेत. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो बॅटरी उकळवून टाकतो. काही नव्या मोटारींत संगणक गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे हेडलाइट लावून माप पुन्हा घ्यावे.

इंजिन बंद असताना पट्टा दोन चाकांच्या मध्ये अंगठ्याने दाबावा. जुन्या गाड्यांत आणि ट्रॅक्टरमध्ये तो साधारण सेंटिमीटरभर दबावा. जास्त दबला तर घसरतो आणि किंचाळतो.

चावी लावल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. चालू गाडीत तो लागला तर चार्जिंग बंद आहे. जुन्या बांधणीच्या बऱ्याच गाड्यांत डायनामोला पहिली चेतना याच दिव्याच्या तारेतून मिळते. म्हणून तो दिवाच गेला, तर डायनामो चांगला असूनही चार्ज करीत नाही. दहा-वीस रुपयांच्या बल्बपायी डायनामो उघडला, असे होऊ देऊ नका.

आणि एक जुनी खोड आता सोडून दिली पाहिजे. "इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढा, गाडी चालत राहिली तर डायनामो चांगला," अशी परीक्षा अजून काही ठिकाणी घेतात. अल्टरनेटरच्या गाडीत असे केले की व्होल्टेज एकदम उसळते आणि अल्टरनेटरचे डायोड व गाडीचा संगणक जळू शकतो. चालू इंजिनात बॅटरीची तार कधीही काढू नये.

रात्रीतून बॅटरी का उतरते?

हिशेब करून पाहू. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरा. ५५ वॅटचे दोन हेडलाइट मिळून सुमारे ९ अँपिअर ओढतात, म्हणजे चार तासांच्या आत बॅटरी रिकामी. आतला ५ वॅटचा साधा दिवा ०.४ अँपिअर घेतो. तो चालू राहिला तर तीन-साडेतीन दिवसांत तेच होते. म्हणून डिकी, दार आणि आतला दिवा आधी पाहावा.

वरून जोडलेल्या वस्तूंवर खास संशय घ्यावा. ट्रॅक्टरवरचा टेप, मोठे स्पीकर, रंगीत दिवे, कुठूनतरी तार सोलून घेतलेले कनेक्शन. चावी बंद केली तरी यातले काही चालूच राहते.

मीटरने हे पकडता येते. चावी काढून ऋण तार सोडावी. मीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकात घालावी आणि मीटर बॅटरीचा ऋण खुंट व सुटी तार यांच्या मध्ये लावावा. दारे बंद करून अर्धा तास थांबावे, कारण नव्या गाडीतले संगणक शांत व्हायला वेळ घेतात. ०.०५ अँपिअरपर्यंत गळती सर्वसाधारण आहे. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जावा. ज्या फ्यूजने आकडा खाली येतो, त्या वाटेवर चोर आहे. मीटर असा लावलेला असताना चावी फिरवू नये, मीटर जळेल. काम झाल्यावर लाल तार पुन्हा व्होल्टच्या भोकात घालायला विसरू नये. नाहीतर पुढच्या वेळी व्होल्ट मोजताना थेट शॉर्ट होईल.

आणखी एक चोर म्हणजे उंदीर. सुगी संपली, रान मोकळे झाले की उंदीर घराकडे येतात आणि गोठ्यात उभ्या गाडीच्या बोनेटखाली संसार थाटतात. वायरचे आवरण कुरतडतात. गाडी काही दिवस उभी राहिल्यावर अचानक बंद पडली, तर लेंड्या आणि कुरतडलेल्या तारा शोधाव्यात. धान्याच्या पोत्यांशेजारी गाडी लावू नये.

फ्यूजच्या जागी तार नको

हेडलाइट, हॉर्न किंवा वायपर यांपैकी एकच गोष्ट बंद असेल तर प्रथम तिचा फ्यूज पाहावा. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. जेवढ्याचा गेला तेवढ्याचाच घालावा. पुन्हा जळला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तो शोधावा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटचा चंदेरी कागद घालणे म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी. मग फ्यूजऐवजी आतली वायरिंग जळते. रिलेचा संशय असेल तर त्याच नंबरचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, अदलाबदल करून पाहावा.

इंजिन फिरते, पण पेट घेत नाही

आधी टाकीत तेल आहे का ते पाहावे. काटा खोटे बोलू शकतो. डिझेल इंजिनात टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला की पाइपात हवा शिरते. हातपंप मारून, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. थंडीच्या पहाटे हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारावा. ज्या गाडीत इंजिन बंद करण्याची दोरी ओढावी लागते, तिथे ती पूर्ण आत गेली आहे का ते पाहावे.

पेट्रोलच्या नव्या मोटारीत चावी लावताच मागून दोन-तीन सेकंद 'ऊंऽऽ' असा पंपाचा बारीक आवाज येतो. तो आला नाही तर पंपाचा फ्यूज व रिले पाहावा. चावीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला, तर गाडी चावी ओळखत नाही. घरातली दुसरी चावी लावून पाहावी. पावसाळ्यात भिजलेल्या प्लगच्या तारा पुसून कोरड्या कराव्यात.

ट्रॅक्टर: जिवाशी खेळ नको

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. ट्रॅक्टरचा सेल्फ चावीने लागला नाही की काही जण खाली उभे राहून स्क्रू-ड्रायव्हर किंवा पक्कड सोलेनॉइडच्या दोन बोल्टांना आडवी लावतात. ठिणगी उडते आणि ट्रॅक्टर सुरू होतो. पण क्लच आणि न्यूट्रलचा सुरक्षा स्विच या वेळी वगळला जातो. ट्रॅक्टर चुकून गिअरमध्ये राहिलेला असेल तर तो सुरू होताच पुढे झेपावतो, आणि हे करणारा माणूस नेमका मागच्या मोठ्या चाकापुढे उभा असतो. मागे सरकायला वेळ मिळत नाही. असे अपघात जगभर झाले आहेत आणि त्यांत माणसे चाकाखाली गेली आहेत.

बंधूंनो, एक दिवस पेरणी थांबली तर चालेल. ट्रॅक्टर सीटवर बसूनच सुरू करायचा, हा घराचा नियम करा. सालगड्याला, मुलांना, भावकीतल्या पोरांनाही हे स्पष्ट बजावा. चावीचा स्विच किंवा क्लचचा स्विच खराब असेल तर तो बदलून घ्या. त्याचा खर्च माणसाच्या मोलापुढे काहीच नाही.

दुसऱ्या बॅटरीवर सुरू करताना

दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या असाव्यात. मोठ्या ट्रकचे विजेचे काम बहुधा २४ व्होल्टचे असते, तिथून वीज घेऊ नये. गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत. केबल लावण्याचा क्रम असा: लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, मग चांगल्या बॅटरीच्या धनला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋणला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, ती बॅटरीच्या वायूजवळ उडू नये म्हणून ही काळजी. चांगली गाडी चार-पाच मिनिटे चालवावी आणि मग सेल्फ मारावा. काढताना बरोबर उलटा क्रम ठेवावा. फुगलेल्या, तडकलेल्या किंवा गळक्या बॅटरीवर हा प्रयोग करू नये.

धक्का मारून सुरू करणे गिअरच्या साध्या गाडीला चालते, ऑटोमॅटिकला नाही. धक्का मारताना ध्यानात ठेवावे की इंजिन सुरू होईपर्यंत ब्रेक आणि स्टिअरिंग जड लागतात. उतारावर किंवा महामार्गावर हे करू नये.

गॅरेजला जाताना

घरात एक पेटी ठेवावी. तिच्यात दहा नंबरचा पाना, मल्टिमीटर, पॉलिश पेपर, सोड्याची पुडी, जादा फ्यूज, चष्मा, टॉर्च आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली असावी. पेटीतच एक वही असावी. बॅटरी कधी घेतली, पाणी कधी घातले, सकाळी मीटरने किती दाखवले, ते तारखेसह लिहावे. गॅरंटीचे कार्डही तिथेच ठेवावे.

मिस्त्रीकडे गेल्यावर "बॅटरी बदला" असे सांगू नये. "उभ्या गाडीत १२.५ आहे, सेल्फ मारताना १०.५, टर्मिनल साफ केले आहे, नुसता खट् आवाज येतो," असे सांगावे. चांगल्या मिस्त्रीला एवढ्यावरून सेल्फकडे हात घालता येतो. आपल्या गाडीचे लक्षण आपण सांगितले की तपासणीचा वेळ वाचतो आणि नको ती वस्तू आपल्या माथी पडत नाही. काढलेला जुना भाग मात्र मागून घेऊन पाहावा.

येत्या रविवारी, गाडी चांगली चालू असतानाच, मुलामुलींना सोबत घेऊन हे सारे एकदा करून पाहावे. चांगल्या गाडीचे आकडे वहीत असले, म्हणजे बिघडलेल्या दिवशी ताडून पाहता येतात. आणि घरातल्या दोघातिघांना हे येत असले, तर कर्ता माणूस बाहेरगावी असला तरी घर अडून बसणार नाही.